लहान मुलांचे गट: वय पाहावे, इयत्ता पाहावी की काम?

चोपडा तालुक्यातील एका गावात रविवारचा बालवर्ग चालविणाऱ्या ताईंनी विचारले आहे की, मंदिराच्या सभामंडपात दर रविवारी दोन तास भरणाऱ्या त्यांच्या वर्गाला चार ते अकरा वर्षांची ३८ मुले येतात आणि मदतीला नुकत्याच दहावी झालेल्या दोन मुली आहेत. सर्वांना एकत्र बसविले की लहान रडतात आणि मोठे कंटाळतात. तेव्हा मुलांचे गट वयानुसार करावेत की शाळेतील इयत्तेनुसार? एका आईची तक्रार आहे की, ‘माझी मुलगी दुसरीत आहे, तिला अंगणवाडीच्या मुलांत का बसविता?’ आणि एका वडिलांना आपला पाच वर्षांचा, वाचू लागलेला मुलगा दुसरीच्या मुलांत बसावा असे वाटते.

ताई, मी अकरा वर्षे बालवाडी चालविली आणि त्यानंतर वीस वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकविले. त्यांतील बराचसा काळ सातपुड्याच्या पायथ्याच्या द्विशिक्षकी शाळांत गेला. तेथे एका खोलीत पहिली-दुसरी आणि दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी बसते, आणि सोबतचे शिक्षक बैठकीला गेले की चारही वर्ग एकाच्याच हाती येतात. तुम्हाला रविवारी पडणारा प्रश्न मला रोज सकाळी पडत असे. माझे उत्तर असे की, वय किंवा इयत्ता यांपैकी एक माप निवडून मुलांना कायमचे वाटून टाकू नये; त्या वेळी हातात असलेले काम मुलाकडून काय मागते ते पाहून त्या कामापुरता गट करावा. धावण्याच्या खेळासाठी एक वाटणी, वाचनासाठी दुसरी आणि गोष्टीसाठी वाटणीच नाही, अशा रीतीने एकच मूल दोन तासांत तीन वेगवेगळ्या सोबत्यांमध्ये बसू शकते, आणि तसे ते बसावे.

आधी वयाचा विचार करू, कारण अगदी लहान मुलांच्या बाबतीत तेच माप सर्वांत खरे ठरते. चार वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे सबंध आयुष्याचा चौथा हिस्सा असतो, दहा वर्षांच्या मुलासाठी तो दहावा हिस्सा असतो. म्हणून चार आणि पाच यांमध्ये जे अंतर पडते ते नऊ आणि दहा यांमध्ये पडत नाही. चार वर्षांच्या मुलाला आपली पाळी येईपर्यंत थांबवत नाही, हरणे म्हणजे काय हे त्याला उमगत नाही, आणि लघवीला जायचे आहे हे ते अगदी शेवटच्या क्षणी सांगते. साडेपाच-सहाच्या मुलाला नियम कळतो आणि तो इतरांनीही पाळावा असा त्याचा हट्ट असतो. ‘बाई, त्याने रेषेला पाय लावला’ ही तक्रार याच वयात सुरू होते. आठ-नऊ वर्षांची मुले स्वतःच नियम तयार करतात आणि त्यावर अर्धा तास भांडतात, तेही त्यांचे शिकणेच असते. यामुळे लहान वयात गटाच्या रेषा जवळजवळ ओढाव्या लागतात आणि मोठ्या वयात त्या सैल ठेवल्या तरी बिघडत नाही. चार ते साडेपाच यांचा एक गट असावा, साडेपाच ते आठ यांचा दुसरा, आणि त्यापुढच्या सर्वांचा तिसरा. चार वर्षांचे आणि सात वर्षांचे मूल एकाच स्पर्धेत उभे करणे मला कधीही योग्य वाटलेले नाही.

मात्र वय केवळ कागदावरून घेऊ नका. आपल्याकडच्या शाळांच्या जुन्या जनरल रजिस्टरांत कितीतरी मुलांची जन्मतारीख १ जून आढळते, कारण घरच्यांना तारीख सांगता येत नसे आणि गुरुजी शाळा उघडण्याच्या महिन्याची ती सोयीची तारीख लिहून टाकीत. आता जन्मनोंदणी होऊ लागल्यामुळे हे पुष्कळ कमी झाले आहे. तरी दूरच्या पाड्यांवरून आलेल्या मुलांच्या बाबतीत मी अजूनही आईलाच विचारते. ‘आखाजीच्या आधी झाला की नंतर, गुलाबाईच्या दिवसांत की कापूस वेचणीत?’ असे विचारले की आईला महिना बरोबर आठवतो. (आखाजी म्हणजे अक्षय तृतीया आणि गुलाबाई हा खानदेशातील मुलींच्या गाण्यांचा सण.) अंगणवाडीताईंच्या नोंदवहीचाही चांगला उपयोग होतो.

आता इयत्ता. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावीत असा नियम आहे. त्यामुळे जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी जानेवारीत जन्मलेले मूल जवळजवळ साडेसहा वर्षांचे असते आणि डिसेंबरात जन्मलेले मूल जेमतेम साडेपाच वर्षांचे असते, आणि दोघेही पहिलीतच बसतात. धाकट्याला पेन्सिल नीट धरता येत नाही, लंगडी घालताना त्याचा तोल जातो, आणि आपण त्याला ‘कच्चा’ म्हणून मोकळे होतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मीही तसेच म्हणत असे. पुढे एका वर्षी हजेरीपटावरील नावापुढे जन्ममहिना लिहून ठेवला, तेव्हा माझ्या वर्गातील ‘कच्च्या’ मुलांपैकी बहुतेक मुले प्रवेशाच्या मर्यादेला टेकून जन्मलेली निघाली. त्यांच्यात उणे काहीच नव्हते. ती लहान होती, एवढेच. त्यानंतर तो शब्द मी कोणत्याही मुलासाठी वापरला नाही.

खानदेशात इयत्तेचे माप आणखी एका कारणाने फसते. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, सोबत मुलेही जातात आणि शाळेचे निम्मे वर्ष हातचे जाते. दोन-तीन वर्षे असे झाले की मुलाचे वय एका बाजूला आणि इयत्ता दुसऱ्या बाजूला अशी स्थिती होते. २००९ च्या बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमात अशा मुलाला त्याच्या वयाशी जुळणाऱ्या वर्गातच प्रवेश द्यावा आणि मागे पडलेला भाग भरून काढण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळावे असे म्हटले आहे. हे कलम मला फार मोलाचे वाटते, कारण मोठ्या मुलाला लहानांच्या ओळीत बसविणे किती दुखावणारे असते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका उन्हाळी शिबिरात मी सोयीसाठी इयत्तेनुसार गट केले. तिसरीच्या गटात ऊसतोडीवरून परतलेला अकरा वर्षांचा एक मुलगा होता. धावण्याच्या शर्यतीत तो आठ वर्षांच्या मुलांबरोबर उभा राहिला आणि अर्थातच सहज पहिला आला. बाकीची मुले त्याच्यामागे ‘घोडा, घोडा’ असे ओरडत राहिली. त्याने बक्षिसाची वही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी तो आला नाही आणि शिबिर संपेपर्यंत पुन्हा दिसला नाही. मी त्याच्या घरी गेले तेव्हा तो शेळ्या घेऊन निघून गेला होता. त्याच्या वयाच्या मुलांत तो धावला असता तर कदाचित दुसरा किंवा तिसरा आला असता आणि हसत घरी गेला असता. ही चूक माझी होती, आणि आजही मला ती सलते.

म्हणून ज्या कामात अंगबळ, वेग, तोल किंवा धोका आहे त्यात फक्त वय पाहा. लगोरी, लंगडी, धावणे, दोरीच्या उड्या, कात्रीकाम, सुईदोरा ही अशी कामे होत. (आपल्याकडच्या वैशाखात मैदानी खेळ सकाळी साडेआठच्या आत संपवावेत, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.) वस्तूंच्या बाबतीतही वयाची रेषा कडक ठेवा. सागरगोटे, चिंचोके, मणी, ज्वारीचे दाणे हे मोठ्यांचे उत्तम गणित-साहित्य आहे. पण लहानग्यांच्या हाती तेच साहित्य नाकात किंवा घशात जाते. माझ्या बालवाडीत ताईसोबत आलेल्या तीन वर्षांच्या मुलाने चिंचोका नाकात घातला होता आणि त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे लागले होते. त्यानंतर सुट्या बारीक वस्तूंचा डबा मी फक्त मोठ्या गटाच्या चटईवरच उघडत असे, आणि चटई गुंडाळण्याआधी दाणे मोजून घेत असे. लहान गटाला माती, पाणी, पळसाची पाने, चिंध्या आणि मोठे लाकडी ठोकळे पुरतात.

वाचन आणि गणित यांत मात्र वयही बाजूला ठेवा आणि इयत्ताही. तेथे मुलाला आज काय येते एवढेच पाहायचे. ‘प्रथम’ या संस्थेने प्राथमिक शाळांतून रूढ केलेली पद्धत यासाठी सोपी आणि विश्वासाची आहे. मुलाला एकेकटे जवळ बसवून अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट या क्रमाने वाचायला द्यावे आणि ते जेथे अडखळते तेथे त्याचा स्तर मानावा. आरंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा या पायऱ्या आहेत. तुमच्याकडे तीन माणसे असल्याने पाच गट करणे शक्य होणार नाही. तेव्हा अक्षरापर्यंतचे, शब्दापर्यंतचे आणि त्यापुढचे असे तीन गट पुरे. यांत तिसरीचे मूल आणि पहिलीचे मूल शेजारी येईल, आणि त्याची लाज वाटू न देणे हे आपले काम आहे. गटाला ‘अ’, ‘ब’, ‘क’ म्हणू नका, ‘हुशार’ हा शब्द उच्चारू नका. तापी, गिरणा आणि पांझरा अशी नद्यांची नावे द्या आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा वाचून घेऊन मुलांना हलवा. जो गट हलत नाही त्याची थोड्याच दिवसांत जात होते, आणि मूल आपली पायरी कायमची समजून बसते. या कामाला दोन तासांपैकी अर्ध्या तासाहून अधिक वेळ देऊ नये, कारण मुले रविवारी दुसऱ्या शाळेत यायला आलेली नसतात.

राहिलेल्या सर्व कामांत मिश्र वयाचा गट मला सर्वांत जवळचा वाटतो. आपल्या गावांत ही गोष्ट नवी नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई बसते, तेव्हा पाच वर्षांच्या मुलीपासून बारा-तेरा वर्षांच्या मुलीपर्यंत सर्व जणी एका घरातून दुसऱ्या घरी जातात. मोठ्यांना गाणी पाठ असतात, मधल्या त्यांच्या मागून म्हणतात, आणि धाकट्यांचे लक्ष डब्यातला खाऊ ओळखण्याकडे असते. तेथे कोणी कोणाला शिकवीत नाही, तरी दोन-तीन वर्षांत धाकटी मधली होते आणि गाणी तिच्या तोंडी आलेली असतात. खेळांतही आपल्या मुलांनी तोडगा शोधून ठेवला आहे. ‘माले बी खेळनं शे’ म्हणत धाकटा भाऊ मागे लागला की मोठी मुले त्याला ‘कच्चा लिंबू’ करून घेतात. तो खेळतो, धावतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. मुलांनीच केलेली ही सोय मला कोणत्याही प्रशिक्षणातील सूचनेपेक्षा शहाणी वाटते आणि तुम्ही ती नि:संकोच वापरावी. फक्त ते लिंबू किती दिवस कच्चे राहणार हे त्या मुलालाच ठरवू द्यावे. ज्या दिवशी ते म्हणते की माझ्यावरही राज्य येऊ द्या, त्या दिवशी येऊ द्यावे.

मोठ्यांनी लहानांजवळ बसून काम करण्याला बालशिक्षणात जुना आधार आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात वेगवेगळ्या वयांची लहान मुले एकाच खोलीत असत, आणि पुढे तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा एकत्र वर्ग ही त्या पद्धतीची ओळखच झाली. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली मोठी मुलगी शाळेत येऊ शकत नाही, ही अडचण त्यांनी ओळखली आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ उभी केली. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत आठ वर्षांची मुलगी दीड वर्षाच्या भावाला घेऊन तुमच्या सभामंडपाच्या पायरीवर बसलेली असेल, तर तिला परत पाठवू नका. दोघांनाही आत घ्या.

पण येथेच मला एक इशारा गांभीर्याने द्यायचा आहे. मिश्र गटाचे रूप फार लवकर बिघडते आणि मोठ्या मुली फुकटच्या दाई होऊन बसतात. जी मुलगी घरी दिवसभर भावंड सांभाळते, तिला रविवारीही दुसऱ्याचे नाक पुसायला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे. गटातील मोठ्याची जबाबदारी दर आठवड्याला बदला, ती मुलांकडेही आवर्जून द्या, आणि मोठ्यांचा स्वतःचा, त्यांच्याच वयाचा आणि त्यांना जड जाईल अशा कामाचा वेळ कधीही कापू नका. मोठे कंटाळतात असे तुम्ही लिहिले आहे. माझा अंदाज असा की त्यांना लहानांचा कंटाळा नाही, त्यांच्यासाठी वेगळे काहीच ठेवलेले नाही याचा आहे. त्यांना नकाशा काढू द्या, गावातील विहिरींची आणि झाडांची मोजणी करू द्या, केळीच्या बागेत जाऊन एका घडाला किती फण्या येतात हे पाहून लिहू द्या.

सातपुड्याकडून आलेली पावरा किंवा भिल्ल कुटुंबांची मुले तुमच्या वर्गात असतील, तर मिश्र गटाचा आणखी एक उपयोग होईल. चार-पाच वर्षांच्या मुलाला घरची बोली येते, पुस्तकी मराठी येत नाही आणि अहिराणीही पुरती येत नाही. त्याच बोलीतील आठ वर्षांचा सोबती शेजारी असला की लहान मूल रडणे थांबवते, कारण कोणीतरी त्याचे ऐकून घेते. अशा वेळी बोली हेच गट करण्याचे पहिले कारण मानावे. वयाचा विचार नंतर.

तुमच्या ३८ मुलांसाठी मी पुढीलप्रमाणे आखणी करीन. समजा साडेपाचपर्यंतची ९, त्यापुढे आठपर्यंतची १७ आणि मोठी १२ आहेत. पहिली वीस मिनिटे सर्वांनी एका गोलात बसून गाणी आणि एखादी अभिनयाची गोष्ट करावी. त्यानंतरचा अर्धा तास वाचनाचा. त्यात तुम्ही शब्दाशी अडलेल्यांजवळ बसा, कारण तेथेच नेमकी मदत लागते, एक ताई अक्षराच्या गटाजवळ बसेल, आणि गोष्ट वाचणारी मुले आपापली वाचत बसतील. सर्वांत लहान नऊ जण या वेळी दुसऱ्या ताईसोबत माती-पाण्यात खेळतील. पुढचा अर्धा तास वयानुसार खेळ, एकेका गटासोबत एक जण. उरलेल्या चाळीस मिनिटांत सहा-सात मुलांचे सहा मिश्र गट करावेत: प्रत्येकात दोन मोठी, तीन मधली (एका गटात दोनच) आणि एक किंवा दोन लहान. हे गट निदान दोन महिने तेच ठेवावेत, कारण लहान मुलाला ओळखीचे चेहरे हवे असतात. त्यांनी एकत्र चित्र रंगवावे, मातीची भांडी करावीत, नाटुकले बसवावे. खाऊही याच गटांत बसून खावा.

त्या आईला असे सांगा की, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. त्यात अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी एकत्र येतात, म्हणून दुसरीच्या मुलीने अंगणवाडीच्या मुलासोबत बसणे म्हणजे मागे जाणे नव्हे. पण तेवढ्यावर थांबू नका. ती वाचते त्या अर्ध्या तासाला आईला बोलावून घ्या आणि शेजारी बसवा. आपल्या मुलीला तिच्या जोगे काम मिळते आहे हे तिने पाहिले, तर धोरणाची गरजही पडणार नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या वडिलांचे निम्मे ऐका: वाचनाच्या वेळी तो मोठ्यांत बसू दे, पण खेळाची घंटा झाली की त्याला त्याच्या वयाच्या मुलांत परत आणा. त्याची जीभ पुढे गेली आहे, पाय आणि मन अजून पाच वर्षांचेच आहेत. मोठ्या मुलांत दिवसभर ठेवले तर तो रोज हरेल आणि वडिलांना ते कळणारही नाही.

आणि जी लहान मुले रडतात, त्यांना पहिले तीन-चार रविवार कोणत्याच गटात घालू नका. ज्या ताईचा किंवा दादाचा हात धरून ती आली, त्याच्याजवळ बसू द्या, मग तो वाचनाचा गट असो की नाटुकल्याचा. हात सोडण्याची वेळ मूलच ठरविते. बहुधा मातीची परात दिसली की ते आपण होऊन उठून जाते.